चोराचं जॅकेट

चाकसू, टोंक रोड
२९ नोव्हेंबर

संकल्प,

वर आशीर्वाद लिहिणार होतो. मग म्हटलं, ज्याने माझा नंबर बंद करून टाकलाय, त्याच्या डोक्यावर टपालाने हात ठेवायला जाणं म्हणजे आगाऊपणा. म्हणून नुसतं नाव लिहिलं. तुझं मराठी वाचन हिंदीच्या जोरावर चालतं हे मला माहीत आहे, त्यामुळे अक्षर मोठं काढतोय. अडलं तर आईला विचार.

सोबतच्या पार्सलात जॅकेट आहे. जगतपुऱ्यात तुमच्या कॉलेजच्या बाजूला मोकळ्यावर थंडी फार आणि तू अजून एका पातळ स्वेटरवर हिंडतोस, असं आईकडून कळलं. ती महिन्यातून एकदा माझा फोन घेते. जवाहर नगर ते चाकसू पंचेचाळीस किलोमीटर, पण तिचा आवाज भुसावळहून आल्यासारखा येतो. असो.

जॅकेट माझंच आहे, तीन हिवाळे अंगावर होतं. नवं घेतलं असतं तर तू परत पाठवलं असतंस. जुन्या कपड्याशी माणूस एवढं भांडत नाही. डावी बाही कोपराखाली रफू केलेली दिसेल, ती कुंपणाच्या तारेत अडकून फाटली होती. धुतलेलं नाही, कारण धुतलं की आतला कापूस गोळा होतो असं इथला शिंपी म्हणाला. दोन दिवस उन्हात टाक आणि घाल.

इथलं काम ठीक चाललंय. या केंद्रात आता मीच मुख्य. पोलिसांची कुत्री येतात, त्यांचे शिपाई सोबत येतात, आठ-नऊ महिने राहून शिकून जातात. सगळे मला उस्ताद म्हणतात. आठ वर्षांत माझ्या जागेवर साहेबांना दुसरा माणूस एक दिवसही आणावा लागलेला नाही.

सध्या झेलम नावाची कुत्री आहे. बेल्जियन जात, गव्हाळ अंग, काळं तोंड. तिचा शिपाई नीरज दौशाकडचा, मन लावून काम करणारा. पळणारा चोर पकडायचं शिक्षण चालू आहे. पन्नास पावलांवरून सोडली तर मनात तीन म्हणेपर्यंत ती बाहीवर लटकलेली असते. म्हणजे हेल्परच्या बाहीवर. जो जाड गादीसारखा कोट घालून चोराचं सोंग घेतो आणि पळतो, तो हेल्पर. तो वेगळा माणूस असतो.

जॅकेट मिळाल्याचं कळवलं नाहीस तरी चालेल.

बाबा


चाकसू
२१ डिसेंबर

संकल्प,

तू जॅकेट घालतोस हे आईने सांगितलं. परवा तू घरी गेलास तेव्हा ती दारातच थबकली म्हणे. तू पाठमोरा जिना चढत होतास आणि तिला वाटलं, मीच आलोय. डावा पाय जरासा बाहेर फेकत चालणं, तेच. आजोबाही तसेच चालायचे. भुसावळच्या यार्डात लांबून लोक त्यांना चालीवरून ओळखत. खाण तशी माती. ती हे सांगताना हसली की नाही ते फोनवर कळलं नाही, पण मी दिवसभर खुशीत होतो. एका जॅकेटने एवढं काम केलं.

इथली एक गंमत सांगतो. गेल्या आठवड्यात भाजी घ्यायला चाकसूच्या बाजारात गेलो होतो. रस्त्याकडेला पथकाची गाडी उभी होती, आत आमच्याकडून शिकून गेलेली दोन कुत्री. मला पाहिलं मात्र, दोघांनी जाळीवर उड्या मारून गाडी हलवून सोडली. शिपाई त्यांना आवरता आवरत नव्हते. भाजीवाली म्हणाली, "बाबूजी, ये आपको पहचानते हैं क्या?" म्हटलं, माझी लेकरं आहेत. लोक हसले. मी मात्र मेथी न घेताच परतलो.

बाजाराच्या रस्त्यावरच शीतला मातेच्या मेळ्याचं मैदान लागतं. भगवान अजून तिथेच फुगे विकतो. फुगे आता त्याची बायको फुगवते, कारण त्याच्या डाव्या हाताची बोटं मिटत नाहीत. मी रस्त्याच्या पलीकडून गेलो.

त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. तू चौदा वर्षांचा होतास. पट्टा माझ्या हातात होता, कुत्रा माझा होता आणि अहवाल मी लिहिला. तुला साहेबांनी एक प्रश्न विचारला, तू "हो" म्हणालास. एवढंच. एवढ्यावरून पोरगा बापाशी आठ वर्षं बोलत नाही, असं मी पूर्वी लोकांना सांगायचो. आता सांगत नाही.

झेलम मजेत आहे. तिला आता माझ्या पावलांचा आवाजही पुरतो.

बाबा


चाकसू
११ जानेवारी

संकल्प,

हे पत्र जरा घाईचं आहे. अक्षर वाकडं आलं असेल, कारण कागद धरायला डावा हात मोकळा नाही. थोडं खरचटलंय.

ते जॅकेट घालू नकोस. त्याला कसर लागलेली होती हे मला आत्ता आठवलं. कसर एकदा कपड्यात शिरली की बाकीच्या कपड्यांतही जाते. ते कोणाला देऊ नकोस, घरातही ठेवू नकोस, जाळून टाक. तुझ्या मापाचं नवं मी उद्याच पाठवतो. या वेळी नवंच.

दुसरं काही विशेष नाही. काल झेलमची शेवटची परीक्षा झाली. परीक्षेला हेल्पर अनोळखी असावा लागतो, म्हणून साहेबांनी बाहेरून माणूस आणला होता. त्याने कोट चढवला, मैदानाच्या टोकाला उभा राहिला, ओरडून पळू लागला. नीरजने पट्टा सोडला. झेलम सुटली, त्या माणसाच्या बाजूने निघून गेली आणि कडेला घोंगडी पांघरून इतका वेळ चहा पीत बसलेल्या एका म्हाताऱ्यावर जाऊन पडली. त्याने हेल्परसारखं काही केलं नव्हतं. चहा पिऊन झाल्यावर पाय मोकळे करायला तो दोन पावलं चालला होता, इतकंच.

त्याला फार लागलं नाही. त्याला सवय आहे.

सगळे हसले. मी साहेबांना म्हणालो, हिला पास करू नका, हिला चोर कळत नाही, एक माणूस कळतो. नव्या माणसांवर तीन महिने तरी पुन्हा काम करावं लागेल. साहेब म्हणाले, "पकड तो देखो उसकी." सव्वीस जानेवारीच्या बंदोबस्ताला शहरात कुत्री कमी आहेत. सही झाली. उद्या नीरज तिला घेऊन जयपूरला जातोय, नेमणूक जगतपुऱ्याच्या बाजूलाच आहे.

तुझ्या नंबरावर मी इथल्या चार जणांच्या फोनवरून फोन करून पाहिला. तू अनोळखी नंबर घेत नाहीस हे चांगलंच आहे. आईला सांगितलंय, ती सांगेल. जॅकेट जाळ. कसर फार वाईट.

बाबा


चाकसू
२३ जानेवारी

संकल्प,

हे पत्र सुरुचीताई तुझ्यापर्यंत कोठडीत पोचवतील. त्या वकील आहेत, तुझ्या आईच्या शाळेतल्या बाईंची मुलगी. घरी मराठी बोलतात, त्यामुळे तुला अडलं तर त्याच वाचून दाखवतील. या वेळी कोणापासून काही लपवायचं नाही.

तू आईला म्हणालास, "बाबांनी कसरीचं लिहिलं तेव्हाच मला कळलं की खोटं आहे, मतलब त्यांना जॅकेट परत हवं असेल." आईने हे वाक्य मला जसंच्या तसं सांगितलं. तुझा काही दोष नाही. ज्याने तुला चौदाव्या वर्षी खोटं बोलायला लावलं, त्याचं पत्र तू कशाला खरं मानशील? लांडगा आला रे आला, त्यातली गत.

आता खरं लिहितो.

मी इथे मुख्य नाही. मी उस्तादही नाही. मी हेल्पर आहे. मैदानावर हेल्परला चोर म्हणतात आणि आठ वर्षं मला सगळे त्याच नावाने हाक मारतात. "चोर कहाँ है? चोर को बुलाओ." रोज सकाळी तो गादीचा कोट चढवायचा, डावी बाही पुढे करायची, ओरडायचं, पळायचं आणि कुत्र्याने येऊन पकडायचं. भगवानच्या हाताचं ते झाल्यावर मला पट्टा धरवेना. म्हणून मी पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला गेलो. वाटलं, याने काहीतरी फिटेल. जॅकेटची बाही तारेत फाटली नव्हती. तीन हिवाळे ते मी कोटाच्या आत घालायचो, ते दात होते.

हेल्पर दर महिन्याला बदलावा असा नियम आहे. कुत्र्याने चोरी ओळखायला शिकावं, माणूस नव्हे, म्हणून. मीच तो पाळू दिला नाही. शिक्षा माझी आहे, दुसऱ्याने का भोगावी, असा माझा ताठा होता. साहेबांनाही फुकटची सोय झाली. आठ वर्षांत इथून गेलेल्या प्रत्येक कुत्र्याला चोर म्हणजे जनार्दन एवढंच माहीत आहे. माझा घाम, माझी चाल. आणि तो घाम मी रफू करून, पार्सल करून तुला पाठवला.

परवा संध्याकाळी जगतपुऱ्यात तुझ्या गल्लीत काय झालं ते मला तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं. त्यातलं तुझं मी खरं धरतो. तुझ्या शेजारच्या सुमनजींच्या घरात कोणी शिरलं, त्यांना ढकललं, त्या पायऱ्यांवर डोक्यावर पडल्या. झेलमला आणलं. तिने घराभोवती दोन फेऱ्या घेतल्या, फाटकापर्यंत माग काढला, तिथे रस्त्यावर तो तुटला. तेवढ्यात तू तेच जॅकेट घालून कॉलेजहून आलास. गर्दी दिसली म्हणून वळलास, चार पावलं चाललास, काय झालंय ते विचारायला थांबलास. आणि नीरजच्या हातून पट्टा ओढून ती आली.

डावा हात. ती दुसरीकडे चावतच नाही.

गर्दीतल्या कोणीतरी काढलेला तो व्हिडिओ आईने पाहिला नाही, मी पाहिला. तू उभा आहेस. माझ्यासारखा ओरडलाही नाहीस. नीरज तीनदा "छोड" म्हणतो आणि ती चौथ्यांदा सोडते. खाली लोकांनी लिहिलंय, कुत्ता झूठ नहीं बोलता. खरं आहे. तिने खोटं सांगितलेलं नाही. तिने माझं नाव सांगितलं आणि लोकांनी तुझं ऐकलं.

काल नीरज आला होता. दारातच उभा राहिला, चहाही घेईना. त्याचा अहवाल मी वाचला. त्यात लिहिलंय, "श्वान को देखते ही संदिग्ध भागने लगा." मी विचारलं, पळाला होता का? तो म्हणाला, "जनार्दनजी, ऐसे ही तो लिखते हैं. आप ही की कॉपी से सीखा है."

ते कसं, ते तुला सांगायला हवं. नव्या शिपायांना अहवाल लिहायला शिकवायचं कामही माझ्याकडे आहे. नमुना म्हणून मी त्यांना माझाच एक जुना अहवाल देतो, कारण तो वरपर्यंत मंजूर झाला होता आणि त्यावर कोणी एक प्रश्न विचारला नव्हता. भगवानचा अहवाल. माझा कुत्रा त्याच्या हातावर गेला तेव्हा भगवान फुगे धरून उभा होता. मी लिहिलं, पळू लागला. आठ वर्षांत साठ-सत्तर शिपायांनी ते वाक्य घोटून पाठ केलंय. नीरजने नाव आणि तारीख तेवढी बदलली.

त्याच्यावर रागावता येत नाही, झेलमवरही नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

टाके ओले होऊ देऊ नकोस. जखम खाजू लागली की ती भरत्येय असं समज. हे मात्र मी अनुभवाने सांगतोय.

बाबा


चाकसू
२९ जानेवारी, दुपार

संकल्प,

सुमनजी रविवारी गेल्या. कलम बदलून आता खुनाचं लागलं हे ताईंनी तुला सांगितलंच असेल. आई तुला भेटताना रडली नाही असं ताईंना म्हणालास, ती बाहेर येऊन रडली.

मी ठाण्यात गेलो होतो. इन्स्पेक्टर साहेबांना सगळं सांगितलं, कोट, जॅकेट, चाल, परीक्षेच्या दिवशी काय झालं ते. हाताचे टाके दाखवले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आप बाप हो. बाप तो यही कहेगा." केंद्राच्या साहेबांना मी लेखी मागितलं, तर ते म्हणतात परीक्षा नियमाप्रमाणे पार पडली. सहीच तशी आहे.

कायद्यात नुसत्या कुत्र्याच्या ओळखीवर माणूस अडकवता येत नाही, असं ताई सांगतात. पण तोवर तुझी किती वर्षं आत जातील हे त्याही सांगू शकत नाहीत. आणि ठाण्याकडे दुसरं काहीच नाही, म्हणून त्यांना तीच ओळख पुन्हा हवी आहे, साक्षीदारांसमोर. उद्या सकाळी दहा माणसांची रांग आहे. सगळ्यांना सारखे पांढरे कपडे. एकेकाने दहा पावलं चालायचं. तुझा क्रमांक सातवा. झेलमच्या तोंडाला जाळी नसेल, कारण भुंकण्याला ते ओळख मानत नाहीत. पकडलं तरच ओळख.

तू होकार लिहून दिलास. ताईंनी नको म्हटलं होतं. तू म्हणालास, कुत्रीचं माझ्याशी काय वैर, ती येणार नाही. पोरा, ती येईल. जॅकेट त्यांनी लाखेने बंद करून ठेवलंय, पण चाल तुझ्या अंगावर आहे, ती कोणाला काढून ठेवता येत नाही. तिचं तुझ्याशी वैर नाही, माझ्याशीही नाही. आठ महिने रोज सकाळी ती माझ्यासाठी धावत आली, पकडलं की नीरज तिला शाबासकी द्यायचा. तिच्या लेखी मी म्हणजे तिच्या दिवसातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. आता होकार मागे घेतलास तर घाबरला असं लिहितील. लिहिण्यात ते माझे शिष्य आहेत.

रांगेत तू सोडून नऊ माणसं लागतात, साधारण तुझ्या उंचीची. ती जमवायचं काम नीरजकडे आहे. काल त्याने मला यादी दाखवली, आठ नावं लिहिलेली होती. नववी जागा रिकामी होती. त्याने कागद माझ्यापुढे तसाच धरून ठेवला. पेन मी त्याच्याच खिशातून घेतलं.

माझा क्रमांक पहिला आहे.

ती मला पकडेल. जॅकेट, चाल, सगळं जिथून आलं ते तिच्यासमोर असेल तर ती सातव्यापर्यंत कशाला जाईल? मग ताई साक्षीदारांसमोर इन्स्पेक्टर साहेबांना एकच विचारतील, हा माणूस त्या संध्याकाळी कुठे होता? मी इथे होतो. संध्याकाळच्या सरावात अकरा शिपाई आणि चार कुत्र्यांसमोर मैदानावर पळत होतो, त्याची नोंद आहे. मग हिची ओळख खरी धरायची तर मलाच आत घ्यावं लागेल, आणि मला सोडायचं तर तुलाही सोडावं लागेल. एवढं गणित मला जमतं. जमलं नाही, ती माझ्यापाशी थांबली नाही, तर काय, याचा विचार मी सकाळपासून करतोय आणि तो अर्ध्यावर सोडून देतोय. भीती वाटते. माझ्या हाताची नाही.

काही गोष्टी आधी सांगून ठेवतो, म्हणजे तू तिथे गोंधळणार नाहीस. माझ्या अंगात कोट नसेल, सदऱ्याची बाही असेल. मी हात पुढे करणार नाही, कारण हात पुढे केला तर म्हणतील यानेच बोलावली. ती माझ्या आवाजावर सोडते, पण मी "छोड" म्हणणार नाही, नाहीतर म्हणतील शिकवून आणलीय. नीरज म्हणेल, आणि ती चौथ्यांदा सोडेल. तोपर्यंत तू जागचा हलू नकोस. माझ्याकडे धावत येऊ नकोस. ती तुझी चाल पाहील.

काल मेळ्याच्या मैदानावर गेलो होतो. रस्ता ओलांडून गेलो. भगवानसमोर उभा राहिलो आणि जे आठ वर्षांत बोललो नाही ते बोललो. तो ऐकत होता, फुग्याच्या दोऱ्या मनगटाला गुंडाळत होता. मग म्हणाला, "मैं तो खड़ा ही था, बाबूजी. आपने देखा था." मी हो म्हणालो. मग त्याने विचारलं, "वो बच्चा कैसा है, जो उस दिन रो रहा था?"

तू रडत होतास हे मी विसरलो होतो. किंवा विसरल्याचं सोंग घेतलं होतं, सोंगाची मला सवय आहे.

त्या अहवालाबद्दल मी कबुली लिहून सही करून ताईंकडे दिली आहे. उद्या काहीही झालं तरी ती दाखल होईल. माझ्या वहीतला तो नमुना काल फाडला, पण साठ-सत्तर जणांच्या डोक्यातून तो कसा फाडायचा ते मला माहीत नाही.

आणखी एकच. त्या दिवशी साहेबांनी तुला विचारलं होतं, "वो भागा था ना, बेटा?" आणि मी मागून तुझा खांदा दाबला होता. उद्याही कोणीतरी विचारेल, पहिल्या क्रमांकाचा माणूस पळाला होता का? उद्या तुझ्या खांद्यावर कोणाचा हात नसेल. जे बघशील ते सांग, मोठ्याने सांग.

मी दहा पावलं चालेन. पट्टा सुटल्याचा आवाज आला की थांबेन, आणि उभा राहीन.

बाबा